नववी अ चा फळा

“डोकं वापरू नकोस, धोंडिराम. पाठ कर.”

इनामदार सर मला हे रोज सांगायचे. जेवणाच्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, डबा खाता खाता. ते खुर्चीवर, मी समोर स्टुलावर, वही मांडीवर.

“पण सर, हे असं का होतं ते...”

“का होतं ते तुला कशाला? तुला पस्तीस मार्क पाहिजेत. पस्तीस मार्कांत ‘का’ येत नाही. पक्ष लिही, साध्य लिही, आकृती काढ, पायरी लिही, पुढं कंसात कारण लिही. तपासणारा कंस बघतो. कंस दिसला की मार्क देतो. लोणचं घे.”

मी शाळेत शिपाई होतो. वय तेहेतीस, दोन पोरांचा बाप, आणि दहावीला गणितात दोनदा नापास. शाळेचे क्लार्क गुरव भाऊसाहेब मे महिन्यात रिटायर होणार होते. ती जागा शिपायातून भरायची असं संस्थेनं ठरवलं होतं. अट एकच, दहावी पास. मी फॉर्म भरून मार्चला बाहेरून पुन्हा बसणार होतो. पास झालो तर जूनपासून टेबल आणि खुर्ची. नाही झालो तर बाहेरचा माणूस येणार आणि मी त्याला जन्मभर पाणी देणार. संस्थेचे सेक्रेटरी इनामदार सरांचे सख्खे मेहुणे. सर माझ्यासाठी शब्द टाकणार होते. वर मला शिकवत होते, तेही फुकट. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांना शिव्या देणार आहे आणि देताना त्यांचे उपकार विसरलो असं कुणी म्हणायला नको.

माझं अर्धं शिक्षण फळे पुसण्यात झालं. पुसायच्या आधी मी फळा वहीत उतरवून घ्यायचो. अक्षर अन् अक्षर. माझ्याइतक्या नेमानं सरांचा फळा शाळेत कुणीच उतरवत नव्हतं, कारण सरांची शिस्तच तशी होती. सिद्धता चालू असताना वर्गात पेन्सिल हातात धरायची नाही. नुसतं बघायचं. “आज फळा, उद्या वही” हे त्यांचं वाक्य. दुसऱ्या दिवशी ते स्वतः सांगायचे तेव्हाच पोरांनी वहीत लिहायचं. त्यामुळं आजची सिद्धता आज फक्त दोन ठिकाणी असायची. सरांच्या फळ्यावर, आणि माझ्या वहीत.

तो मंगळवार. तिसऱ्या तासाला सरांनी नववी अ ला समांतर रेषा शिकवल्या. चौथा तास अ ला खेळाचा, म्हणून छोट्या सुट्टीतच वर्ग मोकळा झालेला. मी आत जाऊन फळा उतरवायला लागलो. दोन आडव्या समांतर रेषा, त्यांना तिरकी कापत जाणारी छेदिका. वरच्या रेषेच्या वर, उजव्या अंगाला, कोन १. त्याच्या बरोबर समोर, रेषेच्या खाली, कोन २. आणि खालच्या रेषेवर कोन ३, बसलाय अगदी कोन १ सारखाच, फक्त एक मजला खाली. बाजूला सरांच्या ठसठशीत अक्षरात:

साध्य: कोन १ = कोन ३.
कोन २ = कोन ३ (व्युत्क्रम कोन).
कोन १ = कोन २ (विरुद्ध कोन).
म्हणून कोन १ = कोन ३. संगत कोन समान असतात. हेच सिद्ध करायचे होते.

“मामा, तुम्ही पण भूमिती?”

मागं कांचन वाघमोडे उभी. नववी ब मधली. बाप बाजार समितीत हमाल. ब तुकडीत ती पहिली यायची, आणि ब तुकडीत पहिली आलेली पोरगी अ तुकडीत का घालत नाहीत हे मी कधी कुणाला विचारलं नाही. अ तुकडीतल्या मैत्रिणीला शोधत आली होती, ती ग्राउंडवर गेलेली.

“मार्चला बसतोय,” मी म्हटलं.

“बघू.” तिनं सरळ वही ओढून घेतली. शाळेत शिपायाच्या हातातलं काहीही कुणीही ओढून घेतं, पण ही बघायला घेत होती. “आकृती भारीये की. पट्टीनं काढली?”

“पट्टी कुठली आणू? डस्टरची कड हाय.”

ती खळखळून हसली. “पण मामा, कोन तीन तुम्ही चुकीच्या बाजूला काढलाय. इकडं पाहिजे. हा बघा.” आणि तिनं स्वतःच्या पेन्सिलीनं माझ्या वहीत तो कोन नीट करून दिला. मग फळ्याकडं बघत राहिली. ओठ हलवत दोनदा वाचलं. घंटा द्यायची वेळ झाली म्हणून मी निघालो, फळा तसाच ठेवून. पुसायचा होता जेवणाच्या सुट्टीत.

चौथ्या तासाला मी सूचनावही घेऊन वर्गावर्गात फिरत होतो. शनिवारी शाळा सकाळची, अशी सूचना. नववी ब च्या दारात पोचलो तर इनामदार सर रंगात आलेले. तीच आकृती, तेच तीन कोन. फक्त साध्य वेगळं: कोन २ = कोन ३.

“कोन एक बरोबर कोन तीन! का?”

“संगत कोन!” अख्खा वर्ग ओरडला.

“कोन एक बरोबर कोन दोन! का?”

“विरुद्ध कोन!”

“म्हणून?”

“कोन दोन बरोबर कोन तीन!”

“व्युत्क्रम कोन समान असतात. हेच सिद्ध करायचे होते.” सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले. कांचन उठून उभी राहिली.

“सर, संगत कोन समान असतात हे कशावरून?”

“ते सिद्ध झालंय.”

“कधी सर? आपल्याला नाही झालं.”

“अ ला आत्ताच सिद्ध करून आलो. तुम्हाला उद्या करू. बस खाली.”

ती बसली नाही. “अ चा फळा मी बघितला सर. तिथं संगत कोन व्युत्क्रम कोनांवरून सिद्ध केलेत. आणि इथं तुम्ही व्युत्क्रम कोन संगत कोनांवरून करताय.”

“मग?”

“मग ते गंगी-रंगीसारखं झालं सर. गंगी म्हणती, मी खरं बोलती, पायजे तर रंगीला विचारा. रंगी म्हणती, मी खरं बोलती, पायजे तर गंगीला विचारा. दोघी मिळून खोटं बोलत असल्या तर?”

वर्ग फुटला. साठ पोरं बाकं बडवून हसली. मीही हसलो. दारात, सूचनावही छातीशी धरून. पुस्तकातली गोष्ट आपल्याला पहिल्यांदा नीट कळली की माणूस हसतो, तसा हसलो. सरांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि तिथंच थांबली.

दोन मिनिटांचं काम होतं. “पोरी, बरोबर बोललीस, यातलं एक सिद्ध न करता मानावं लागतं,” एवढं म्हणायचं. मास्तरची उंची वाढली असती.

“अ तुकडीत मी ते आंतरकोनांवरून सिद्ध केलंय,” सर म्हणाले. आवाज एकदम बारीक. “व्युत्क्रम कोनाचा तिथं संबंधच नाही. तुला फळा वाचता येत नाही. आणि येत असेल तर तू वर्गासमोर खोटं बोलतेस.”

“नाही सर. तिथं लिहिलंय अजून.”

“बाहेर हो.”

जेवणाच्या सुट्टीत मोहिते बाईंच्या ऑफिसात सुनावणी. बाई आमच्या मुख्याध्यापिका. वाईट बाई नव्हती, पण तिला रिटायर व्हायला दोन वर्षं होती आणि सेक्रेटरीच्या मेहुण्याशी पंगा घेतला असता तर ती सुखानं निघाली नसती. मी दारातल्या स्टुलावर.

“बाई, बावीस वर्षं शिकवतोय,” सर म्हणत होते. “मला गंगी-रंगी म्हणते ही. सगळा वर्ग दात काढतोय. वर खोटं. मी न लिहिलेलं माझ्या नावावर खपवते.”

“कांचन?”

“गंगी-रंगी म्हटलं त्याची माफी मागते बाई. ते चुकलं माझं. पण खोटं नाही बोलले. खोटं बोलले म्हणून माफी नाही मागणार.”

“फार शहाणी आहेस.”

“फळ्यावरच हाय की बाई. चला, बघू. तसं लिहिलेलं नसलं तर प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर माफी मागीन.”

बाईंनी चष्मा काढला. “हे बरं बोललीस. चला इनामदार, बघूनच येऊ.”

“चला ना. आधी चहा तरी घ्या बाई, डबाही उघडला नाही तुम्ही.” सर उठून दारात आले. “धोंडिराम, दोन चहा सांग.” आणि मग माझ्यासोबत चार पावलं व्हरांड्यात चालत, ओठ न हलवता: “अ चा फळा पूस. पळ.”

मी पळालो.

पळत गेलो हे मला लिहायचंच आहे. चालत गेलो असतो तरी पुरलं असतं. वर्गात पोचलो, डस्टर मारलं. डस्टरनं पुसलं तरी खडूचं अक्षर मागं राहतं, वाचता येतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून बादलीतलं फडकं पिळून घेतलं आणि ओल्या फडक्यानं फिरवलं. आधी ‘व्युत्क्रम’ हा शब्द पुसला. मग बाकीचं. मग चहा सांगितला.

बाई, सर आणि कांचन वर्गात आले तेव्हा फळा काळाकुट्ट आणि ओला होता. खालून एक पाण्याचा ओघळ भिंतीवर उतरत होता. कांचननं पुढं होऊन फळ्याला बोट लावून बघितलं.

“फळा कुणी पुसला?” बाईंनी विचारलं.

“मी, बाई. जेवणाच्या सुट्टीत पुसायचाच असतो.”

“काय लिहिलं होतं त्याच्यावर?”

बाईंच्या त्या प्रश्नात एक फट होती. त्यांना कळायचं होतं. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. सर खिडकीतून ग्राउंडकडं बघत उभे होते, जणू त्यांचा याच्याशी संबंध नाही.

“मला काय कळतंय बाई,” मी म्हटलं. “शिपाई माणूस.”

सगळ्यांना ते लगेच पटलं. शिपायाला काय कळतंय, हे पटायला या जगात कधीच पुरावा लागत नाही. जन्मभर ज्या वाक्याचा मला संताप यायचा, ते मी आपल्या तोंडानं बोललो आणि त्याच्याआड लपलो.

बाईंनी अ तुकडीच्या मॉनिटरला बोलावलं. तो डॉक्टरचा मुलगा, हुशार. त्यानं सरांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, “आठवत नाही बाई. लिहून घेतलं नव्हतं.”

“उद्या प्रार्थनेला माफी माग, कांचन,” बाई म्हणाल्या. “खोटं बोलले म्हणून. नाहीतर वडिलांना बोलवावं लागेल.”

वडिलांचं नाव काढल्यावर पोरीचा चेहरा उतरला. तिच्या घरी काय ठरलं होतं ते मला तिनंच दुपारी सांगितलं. सहाव्या तासाला मी पाण्याच्या टाकीपाशी हंडे विसळत होतो. ती वर्गातून पाणी प्यायच्या निमित्तानं आली.

“मामा, फळा का पुसलात?”

“सुट्टीत पुसायचाच असतो.”

“रोज ओल्या फडक्यानं पुसता?”

मी हंडा विसळत राहिलो.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “मामा, तुमच्या वहीत हाय ना ते? तुम्ही उतरवून घेत होता. मी कोन नीट करून दिला बघा, माझ्या पेन्सिलीनं. ती वही द्या. फक्त बाईंना दाखवते. तुमचं नाव पण नाही घेत, सापडली म्हणून सांगते.”

वही माझ्या खाकी शर्टच्या आत, पँटमध्ये खोचलेली होती. पोटाला टोचत होती.

“वही घरी हाय,” मी म्हटलं.

“जेवायला घरी गेलता तुम्ही आज?”

“पोरगं येऊन घेऊन गेलं.”

ती माझ्या पोटाकडंच बघत होती. शर्टावर वहीची चौकट दिसत असणार. तरी ती ‘खोटं बोलताय’ असं म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “मामा, आमच्या वडलांनी सांगितलंय, शाळंतनं बोलावणं आलं की शाळा बंद. आमच्या आक्काची तशीच बंद केली. मला शिकायचंय मामा.”

“मग माग की माफी. दोन शब्दांनी काय झिजतंय?”

“खोटं बोलले म्हणून?”

“व्हय.”

“आणि मग परत कधी खरं बोलले तर कोण ऐकंल?”

वर्गातून हाक आली म्हणून ती गेली. पाणी प्यायची राहिलीच.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत गेलो. माझ्यात काय शिल्लक होतं कोण जाणे, पण गेलो. सर पेपर तपासत होते. मी वही त्यांच्यापुढं उघडून ठेवली. नववी अ ची सिद्धता, आणि खाली नववी ब ची. ब चा फळाही मी सवयीनं उतरवून मगच पुसला होता.

“सर, पोरगी बरोबर बोलत होती.”

“मग? मला माहीत नाही?” सर शांतपणे म्हणाले. “कुठलं तरी एक सिद्धतेशिवाय मानायचं असतं. एक मानलं की बाकी सगळी ओळीनं सिद्ध होतात. मी अ ला एक मानलं, ब ला दुसरं मानलं. मानलंय हे सांगायचं राहिलं. बावीस वर्षं राहिलंय. कुणी विचारलं नाही.”

“मग उद्या सांगून टाका की सर. पोरीची शाळा जाईल.”

“कुणाची शाळा जाते रे अशी? बापाला बोलावतील, चार शब्द ऐकवतील, संपलं.” त्यांनी लाल पेन खाली ठेवला. “आणि समज, सांगितलं. नववीतल्या हमालाच्या पोरीनं इनामदारची चूक काढली, हे गावभर. शिकवण्या बंद. मेहुणा बसेल हसत. त्याच्याकडं मी तुझा शब्द कुठल्या तोंडानं टाकू? सांग तूच.”



सरांनी वही जवळ ओढली. मला वाटलं आता पान फाडतील. खरं तर मी त्याचीच वाट बघत होतो. फाडलं असतं तर ओरडलो असतो, हात धरला असता, निदान त्यांना भीती वाटली एवढं तरी समाधान मिळालं असतं. त्यांनी पान नीट वाचलं. ‘व्युत्क्रम’ मधली माझी एक चूक लाल पेनानं दुरुस्त केली. आणि वही परत माझ्या हातात दिली.

“दोन्ही पाठ कर,” म्हणाले. “पेपरात कुठलंही आलं तरी मार्क मिळतात.”

त्यांनी पुरावा माझ्याच खिशात ठेवायला दिला! इतका त्यांचा माझ्यावर भरवसा. तीस वर्षं झाली, अजून तो भरवसा आठवला की माझ्या कानशिलातनं वाफ निघते. शिव्या देणार म्हटलं होतं. कुठल्या देऊ? ज्या त्यांना शोभतात त्या सगळ्या मलाही शोभतात.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. बाईंनी कांचनला पुढं बोलावलं. माइक नव्हता, पण पोरीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“मी काल इनामदार सरांची वर्गात चेष्टा केली. माझी चूक झाली. मी माफी मागते.”

सरांनी मान हलवली. तिथं थांबली असती तर बाईंनी टाळ्या वाजवून मिटवलं असतं. ती थांबली नाही.

“पण फळ्यावर तेच लिहिलं होतं.”

बाईंनी मलाच पाठवलं बाजार समितीत, तिच्या बापाला आणायला. बिरा वाघमोडे पाठीवरची पोती उतरवून, डोक्याचा टॉवेल झटकत तसाच आला. वाटेत सायकल हातात धरून मी त्याच्याबरोबर चालत होतो.

“काय केलं तिनं?” त्यानं विचारलं.

“सरांना उलट बोलली.”

“खोटं बोलली का उलट बोलली?”

हमाल माणूस. अंगठेबहाद्दर. अख्ख्या शाळेत कुणाला न सुचलेला प्रश्न त्यानं रस्त्यात विचारला. रस्त्यात तर सर नव्हते, बाई नव्हत्या. वही तेव्हाही माझ्या शर्टात होती.

“माफी मागितली असती तर मिटलं असतं,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि झपाझप पुढं चालायला लागला.

ऑफिससमोरच्या व्हरांड्यात त्यानं पोरीला एक कानाखाली ठेवून दिली. मोठ्यानं लागली, पण ती रडली नाही. बाई धावत बाहेर आल्या. “वाघमोडे, हात उचलू नका शाळेत!”

“आता शाळाच नको बाई. मग हात उचलायचं पण काम न्हाई.”

“अहो, तसं नाही. चार दिवस घरी ठेवा, डोकं शांत झालं की पाठवा. पोरगी हुशार आहे.”

“हुशार हाय म्हणूनच.” त्यानं तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं. “थोरलीच्या वक्ताला पण मी हेच बोललो हुतो. मास्तर लोकांशी भांडून हमालाच्या पोरीला काय मिळणार हाय? चल.”

फाटकापर्यंत मी त्यांच्या मागं गेलो, फाटक उघडायला. माझंच काम ते. कांचननं माझ्याकडं बघितलं नाही. चार दिवस गेले, चाळीस गेले. नववी ब च्या हजेरीत तिच्या नावापुढं सर ‘गै’ लिहीत राहिले आणि दिवाळीनंतर नावच कमी झालं.

मार्चमध्ये मी पेपर दिला. गणितात एक्केचाळीस. सरांनी पेढे मागितले, मी दिले. त्यांनी शब्द टाकला, मेहुण्यानं झेलला, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी गुरव भाऊसाहेबांच्या खुर्चीवर बसलो. खाकी गेली. पोरं मला ‘मामा’ऐवजी ‘भाऊसाहेब’ म्हणायला लागली. बायकोनं टेबलावर टाकायला कापड शिवून दिलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी खिडकीशी बिरा वाघमोडे उभा. मागं कांचन. साडी नेसलेली. नऊ महिन्यांत पोरगी एवढी उंच झाली होती की आधी ओळखू आली नाही.

“दाखला पायजे हिचा,” बिरा म्हणाला. “पावणं बघून गेल्यात. जन्मतारीख मागत्यात.”

मी जनरल रजिस्टर काढलं. पंधरा वर्षं, चार महिने. बाईंच्या टेबलापाशी गेलो. “बाई, मुलगी पंधराची आहे. दाखला लग्नासाठी नेतायत.”

“आपण दाखला नाही म्हणू शकत नाही, धोंडिराम. आहे ती तारीख दे. पुढचं ते बघतील.”

“शाळा सोडण्याचं कारण काय लिहू?”

बाईंनी वर बघितलं नाही. “पालकांच्या विनंतीवरून. सगळ्यांना तेच लिहितात.”

माझ्या टेबलावर येऊन मी लिहिलं. निळी शाई, नवा पेन. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. कारण: पालकांच्या विनंतीवरून. वर्तणुकीपुढं ‘चांगली’ लिहिताना मला वाटलं, आपण पोरीसाठी काहीतरी केलं. इतका मी खाली गेलो होतो. बाईंची सही आणली, शिक्का मारला, दाखला खिडकीतून पुढं केला.

बिराला वाचता येत नव्हतं. त्यानं तो पोरीकडं दिला. तिनं वरपासून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत. दोनदा. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

“पास झालात, भाऊसाहेब?”

“झालो.”

“भूमितीत कुठलं आलं होतं?”

“व्युत्क्रम कोन. समान असतात ते सिद्ध करा.”

“कशावरून केलंत?”

बिरा आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. मागं सही करायला आलेले दोन मास्तर थांबले होते. मला ‘आठवत नाही’ म्हणता आलं असतं. तसलं बोलणं मला चांगलं जमत होतं.

“संगत कोनांवरून,” मी म्हटलं.

“आणि मार्क?”

“पूर्ण.”

तिनं दाखल्याची नीट चौपदरी घडी घातली आणि पदराच्या टोकाला बांधली.

“मग बरोबरच असंल,” ती म्हणाली, आणि बापाच्या मागून निघून गेली.